घरच्या मशीनवर बाळाचे ठोके ऐकावेत का?

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय २६. मागच्या वर्षी पहिल्या वेळेस तिसऱ्या महिन्यात माझं बाळ गेलं. सोनोग्राफीला गेले तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ठोके नाहीत. आता परत दिवस गेलेत, २६ वा आठवडा चालू आहे. मिस्टर सुरतला कापड मार्केटमध्ये कामाला असतात. त्यांनी पोटावर लावून ठोके ऐकायचं मशीन ऑनलाइन मागवून दिलं. सुरुवातीला फार बरं वाटलं. रात्री व्हिडिओ कॉलवर तेपण ऐकायचे. आता मात्र दिवसातून चार-पाच वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. परवा रात्री अर्धा तास शोधलं, ठोके सापडेनात. सापडले तेव्हा आकडा ९६. रात्रभर रडले. सकाळी दवाखान्यात गेलो तर १४८, सगळं चांगलं. सासूबाई म्हणतात हे खूळ बंद कर. नणंद म्हणते ठोके १४० च्या वर म्हणजे मुलगीच. सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला आहे असं लिहिलंय, त्यामुळे बाळ हललेलं मला कमी कळतं. मग मशीन नको तर मी काय करू? मशीनने बाळाला काही अपाय झाला असेल का? आणि जाऊबाईंना आता तिसरा लागलाय, त्या मशीन मागताहेत. देऊ का?

उत्तर : पोरी, तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझ्या भीतीबद्दलच लिहावंसं वाटलं. सासूबाईंना हे खूळ वाटतं, मला वाटत नाही. ज्या बाईने सोनोग्राफीच्या टेबलावर आडवं पडून 'ठोके नाहीत' हे ऐकलंय, तिचे कान पुढच्या खेपेला ठोक्यांकडेच लागणार. प्रसूतिकक्षात नोकरी करताना अशा कितीतरी लेकीबाळी पाहिल्या. तपासताना त्या आमच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायच्या. आमच्या कपाळावर आठी पडते का, एवढंच त्या शोधत असायच्या.

मागच्या वेळचं एक मनातून काढून टाक. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो तेव्हा बहुतेक वेळा गुणसूत्रांतला दोष हे कारण असतं. तो दोष गर्भ धरतानाच आलेला असतो. तू पाण्याचा हंडा उचललास, शेतात गेलीस, मोटारसायकलवर बसलीस म्हणून ते झालं नाही. घरात कोणी तसं बोललं असेल तर त्यांनाही हे वाचून दाखव.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. मशीन बंद कर. आजपासूनच.

अपायाचं आधी सांगते, कारण तो घोर तुला जास्त लागलेला दिसतो. या मशीनला डॉप्लर म्हणतात आणि ते अल्ट्रासाउंडवर, म्हणजे आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींवर चालतं. एक्स-रेसारखे किरण त्यात नसतात. अशा वापराने बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे आजवर लावलंस म्हणून बाळाचं नुकसान झालं असेल असं मनात आणू नकोस. पण या लहरींनी शरीरातला भाग किंचित तापू शकतो. म्हणून गरज असेल तेव्हाच, शिकलेल्या माणसाने आणि थोडा वेळच त्या वापरायच्या, असा नियम आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये लोकांना हेच सांगितलं होतं की हौसेखातर घरी डॉप्लर लावू नका. दिवसातून चार-पाच वेळा, त्यात एखाद्या रात्री अर्धा-अर्धा तास, हे गरजेच्या पलीकडचं आहे. तरी माझा मुख्य विरोध लहरींसाठी नाही. या मशीनमुळे बाईची दोन्हीकडून फसगत होते, त्यासाठी आहे.

पहिली फसगत तू परवाच भोगलीस. मशीनमधून येतो तो हृदयाचा खरा आवाज नसतो. आत जे काही हलतंय त्यावरून लहरी परत फिरतात आणि त्यांच्यातल्या फरकापासून मशीन आवाज तयार करतं. त्या टप्प्यात बाळाचं हृदय आलं तर त्याचे ठोके वाजतात. तुझ्या पोटातली मोठी रक्तवाहिनी आली तर तुझे वाजतात. वारेवर धरलंस तर वाऱ्यासारखा फुसफुस आवाज येतो, तोही तुझ्याच नाडीच्या तालावर. तुझी वार पुढे आहे, म्हणजे मशीन आणि बाळ यांच्यामध्ये ती आडवी आलेली. तिथे नवख्या हाताला ठोके न सापडणं अगदी साहजिक. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात. घाबरलेल्या, रडणाऱ्या बाईची नाडी ९६ असणं काही विशेष नाही. त्या रात्रीचा आकडा बहुतेक तुझाच होता. कधी कधी ही मशीनं खऱ्या ठोक्यांच्या निम्मा किंवा दुप्पट आकडाही दाखवतात.

आम्ही ठोके कसे घ्यायचो ते सांगते, म्हणजे फरक लक्षात येईल. आधी हात एकमेकांवर चोळून ऊब आणायची, गार हात लागला की पोट आखडतं. मग दोन्ही तळव्यांनी पोट चाचपायचं. वर काय आहे, खाली काय आहे, बाळाची पाठ कुठल्या कुशीला आहे. पाठ लांबट, सलग लागते. हातापायांच्या बाजूला बारीक उंचवटे लागतात. पाठ सापडली की तिच्यावर फीटोस्कोप टेकवायचा, आमच्या वेळी ते ॲल्युमिनियमचं नरसाळंच असायचं, आणि त्याला कान लावायचा. दुसऱ्या हाताची बोटं त्याच वेळी आईच्या मनगटावर, तिच्या नाडीवर. दोन ताल वेगळे आहेत याची खात्री झाली की घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. बाळाचे समजून आईचेच ठोके मोजले जाऊ नयेत, म्हणून तो मनगटावरचा हात. शिकाऊ मुलींना हे अंगवळणी पडायला बरेच महिने लागतात. रात्री अकराला, अंधाऱ्या खोलीत, एका हातात मोबाइल धरून तुला ते जमलं नाही यात तुझा काय दोष?

दुसरी फसगत जास्त घातक. पहिलीत बाई उगाच घाबरते. दुसरीत घाबरायला हवं तेव्हाच ती निश्चिंत होते.

पोटातल्या बाळाला वारेतून रक्त किंवा प्राणवायू कमी पडू लागला की ते आपली ताकद राखून ठेवतं. म्हणजे काय करतं? हालचाल कमी करतं. हृदय मात्र चालूच ठेवतं. ठोके बिघडतात ते पुष्कळदा फार उशिरा. म्हणून दिवसभर बाळ नीट हललेलं नसतं आणि रात्री मशीनवर १४० दिसतात, असं होऊ शकतं. बाई म्हणते, चला, ठोके आहेत, उद्या बघू. त्या 'उद्या'मध्ये बाळ जाऊ शकतं. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या अशाच एका बाईची हकीकत छापून आली. दिवस भरत आले होते, हालचाल कमी झाली होती. तिने घरच्या डॉप्लरवर ठोके ऐकले, मनाची समजूत घातली, आणि दवाखान्यात पोचायला उशीर झाला. बाळ मृत जन्मलं. ही हकीकत मी तुला घाबरवायला सांगत नाही. तू घाबरलेलीच आहेस. पण तुझा विश्वास चुकीच्या वस्तूवर बसू नये, म्हणून सांगायलाच हवी.

आमच्याकडे दवाखान्यात एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायची तपासणी, करतात तेव्हाही नुसता आकडा बघत नाहीत. वीसेक मिनिटं कागदावर आलेख घेतात. ठोके एकाच रेषेत चाललेत की खालीवर होताहेत, बाळ हललं की वाढतात का, मध्येच घसरतात का, हे सगळं वाचावं लागतं. १४८ हा आकडा चांगल्या बाळाचाही असतो आणि अडचणीत आलेल्या बाळाचाही असू शकतो. तुझ्या मशीनवर त्यातला आकडाच तेवढा दिसतो.

मग मशीन नको तर काय करू, असं तू विचारलंस. बाळ हलतंय का ते बघ. दूरच्या पाड्यावरून कोणी बाई आली की आम्ही सगळ्यांत आधी अहिराणीत विचारायचो, "पोटमा पोर फिरस का?" रक्तदाबाची पट्टी बांधायच्याही आधी.

तुझ्या २६ व्या आठवड्यात हालचाल अजून अनियमित असते. एखादा दिवस भरपूर, एखादा दिवस शांत. साधारण २८ व्या आठवड्यापासून प्रत्येक बाळाची आपापली एक चाल ठरते. कोणी आईच्या जेवणानंतर उसळतं, कोणी रात्री ती आडवी झाली की. अमुक इतक्या लाथा आल्याच पाहिजेत असा आकडा सगळ्यांना एकसारखा लावता येत नाही, आपल्या बाळाची रोजची रीत ओळखायची असते. बाळ पोटात झोपतंही, वीस ते चाळीस मिनिटं, कधी त्याहून थोडं जास्त. सलग दीड तासापेक्षा जास्त सहसा नाही. आणि आपण कामात असलो की हालचाल जाणवत नाही. कापूस वेचताना, भाकरी थापताना, लग्नघरात धावपळ करताना दिवस कसा गेला कळत नाही आणि संध्याकाळी एकदम धसका बसतो, आज बाळ हललंच नाही! बहुतेक वेळा ते हललेलं असतं, आपलं लक्ष नसतं.

वार पुढे असली की मधल्या भागात लाथा दबतात, पण कडेला आणि ओटीपोटात जाणवतात. तिथे हात ठेवून बघ. सुरुवातीला फडफड, मग वळवळ, सातव्या-आठव्यात सरळ धक्के. वार पुढे आहे म्हणून हालचाल कमीच कळणार, असं २८ आठवड्यांनंतर मात्र कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. तोवर तुझी जी सवय झाली असेल, तिच्यापेक्षा कमी वाटलं तर ते कमीच धरायचं.

रोज एक ठरलेली वेळ धर. रात्रीचं जेवण झालं, भांडी आवरली, की डाव्या कुशीवर पड, मोबाइल लांब ठेव आणि लक्ष पोटाकडे. आत्तापर्यंत मशीनला जो वेळ देत होतीस तोच इथे दे. शंका आली तर असंच पडून दोन तास लक्ष दे. २८ आठवड्यांनंतर दोन तासांत दहा वेगवेगळ्या हालचाली जाणवल्या नाहीत तर उठायचं आणि निघायचं. दोन तास थांबायलाही मन धजत नसेल, किंवा हालचाल अजिबातच नसेल, तर तेवढंही थांबू नकोस. आणि आत्ताच्या दिवसांत, २८ च्या आधी, एरवी हलणारं बाळ पूर्ण शांत वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही.

रात्र झाली, गाडी नाही, मिस्टर सुरतला, सासऱ्यांना उठवायचं कसं, हे विचार येणार. येऊ देत, पण थांबू नकोस. १०२ ची गाडी गरोदर बाईसाठी मोफत असते, १०८ तातडीला येते. दोन्ही नंबर आजच सासूबाईंच्या मोबाइलमध्ये टाकून ठेव, आशाताईचाही. चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात गेलीस काय किंवा पुढे जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवलं काय, प्रसूतिकक्ष रात्रीही उघडा असतो. तिथे गेल्यावर 'बरं वाटत नाही' असं मोघम बोलू नकोस. सरळ सांग, "मला अमुक इतके आठवडे झालेत, बाळाची हालचाल कमी झाली आहे, मागच्या वेळी गर्भ गेला होता." या वाक्याने सिस्टर लगेच उठते. सगळं चांगलं निघालं आणि परत पाठवलं तर लाजायचं कारण नाही. दोन दिवसांनी पुन्हा तसंच वाटलं तर पुन्हा जायचं. कुणी तोंड वाकडं केलं तरी जायचं.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं असह्य दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात अचानक सुजणं, ताप, यांतलं काही झालं तरी तसंच निघायचं. आणि २८ आठवड्यांनंतर झोपताना पाठीवर झोपणं टाळ, कुशीवर झोप. मध्येच जाग आली आणि पाठीवर असलीस तर घाबरू नकोस, कूस बदल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मशीन बंद कर हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण आपल्याकडच्या जुन्या बायका आणखी एक सांगतात, की दिवस भरत आले की पोटात जागा उरत नाही आणि बाळ हलायचं थांबतं. हे चूक आहे. शेवटी हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी सरकणं जास्त जाणवतं, पण बाळंत होईपर्यंत बाळ हलत राहिलंच पाहिजे. गूळ खा, गार पाणी पी, मग हलेल, हेही सांगतात. खायचं तर खा, पण ते बघत तासन् तास घालवू नका.

आता नणंदेचं. ठोक्यांच्या वेगावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही. १४० च्या वर मुलगी, खाली मुलगा, ही निव्वळ समजूत आहे. दिवस कमी असले की ठोके जास्त असतात, दिवस वाढतात तसे उतरतात. बाळ हललं की वाढतात, झोपलं की कमी होतात. एकाच बाळाचे सकाळी १५५ आणि दुपारी १३२ असू शकतात, मग ते सकाळी मुलगी आणि दुपारी मुलगा झालं का? मला याची चीड येते ती उगाच नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेच्याही खाली होती. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ सालचा आहे, तरीही. या पार्श्वभूमीवर घरात मशीनचा आकडा बघून 'मुलगीच' म्हणणं ही गंमत राहत नाही. नणंदेला शांतपणे सांग की आमच्या घरात हा विषय नको. आणि या बोलण्याने कोणाची वागणूक बदलताना दिसली, जेवणखाण किंवा तपासणी टाळायला लागले, तर आशाताईला किंवा तुझ्या माहेरी लगेच कळव. एकटीने सोसू नकोस.

मिस्टरांनी मशीन घेतलं ते मायेपोटी. लांब राहणाऱ्या बापाला बाळाशी नातं जोडायचं असतं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांना म्हणावं, रात्रीचा कॉल चालू ठेवा, फक्त आता ऐकू नका, बोला. या दिवसांत बाळाला बाहेरचे आवाज पोचायला लागतात. मोबाइल पोटाजवळ धर आणि त्यांना बोलू दे. बाजारभाव सांगू दे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी कधी येणार ते सांगू दे. जमलं तर एखाद्या तपासणीला सुट्टी काढून तुझ्यासोबत यायला सांग. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती तारीख त्यांना आधीच कळवून ठेव.

सवय तोडणं पहिले काही दिवस जड जाईल, ते मला ठाऊक आहे. एकदम जमणार नाही वाटलं तर मशीन सासूबाईंच्या कपाटात ठेवायला दे, सेल काढून. मशीन घ्यावंसं वाटलं की कुशीवर पडून हात पोटावर ठेव. पुढच्या तपासणीला मॅडमना मोकळेपणाने सांग की मागच्या वेळेमुळे मला फार भीती वाटते, मला थोड्या लवकरच्या तारखा द्याल का? बऱ्याच डॉक्टर देतात. मधल्या दिवसांत उपकेंद्रातल्या सिस्टरकडे जाऊन ठोके ऐकून आलीस तरी चालेल, तिला ते ऐकायचं कसं ते येतं. झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, रडू आवरत नसेल तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन कर. मोफत आहे, मराठीत बोलतात. ओळखीच्या कोणाला कळण्याचा प्रश्न नाही.

राहिल्या जाऊबाई. त्यांना मशीन देऊ नकोस. तिसऱ्या महिन्यात गर्भाशय अजून ओटीपोटाच्या हाडामागे असतं, घरच्या मशीनवर ठोके न मिळण्याची शक्यता तुझ्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त. तुझी झाली तशी रात्र त्यांना पहिल्याच आठवड्यात येईल, आणि त्यांना तर अजून बाळाची हालचालही जाणवत नाही. त्याऐवजी त्यांना तुझ्यासोबत ९ तारखेला दवाखान्यात ने.